स्वस्त प्रवास आणि भरवशाचे पुस्तक

सुटी जवळ आली की पाठीवर पिशवी टाकून हिंडायला निघणाऱ्या तरुणांची पावले पुस्तकांच्या दुकानाकडे वळतात. कोणी किंमत पाहून पातळ पुस्तक उचलतो, कोणी रंगीत छायाचित्रांना भुलून जाडजूड. दोघांचीही कसोटी चुकीची आहे. प्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक ही माहितीची खरेदी होय, आणि माहितीचे मोल तिच्या अभावी होणाऱ्या नुकसानीवरून ठरते. धनिकाची चूक पैशाने दुरुस्त होते. बस चुकली तर तो टॅक्सी करतो. मोजके पैसे गाठीला बांधून निघालेल्याला ही सोय नसते. म्हणूनच ज्याचा खिसा हलका, त्याला अचूक माहितीची गरज अधिक.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक चार विद्यार्थ्यांसह दक्षिणेतील एका तीर्थक्षेत्री रात्री अकराच्या सुमारास उतरला. जवळच्या पुस्तकात मंदिराच्या शिल्पवैभवाचे सात पानी वर्णन होते. धर्मशाळेचे दार रात्री नऊला बंद होते, एवढे एक वाक्य मात्र नव्हते. त्या रात्री लॉजवाल्याच्या हाती पडलेले पैसे आमच्या दोन दिवसांच्या जेवणाचे होते.

अशा प्रवाशांची गरज ओळखून आर्थर फ्रॉमर या अमेरिकन लेखकाने १९५७ साली रोज पाच डॉलरमध्ये युरोप कसा पाहावा, हे सांगणारे पुस्तक काढले. पाच डॉलरचा आकडा पुस्तकाच्या नावातच होता. महागाई वाढत गेली तसा पुढील आवृत्त्यांत तो वाढवावा लागला. टोनी व मॉरीन व्हीलर या दांपत्याने लंडनहून आशियामार्गे ऑस्ट्रेलिया गाठली आणि त्या अनुभवावर १९७३ साली एक छोटेसे पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. ‘लोनली प्लॅनेट’चा उगम तो. स्वतः काटकसरीने हिंडलेल्यांनी लिहिले, हेच या पुस्तकांचे बळ होते.

निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो माहितीच्या वयाचा. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांत फरक असतो; छपाईचे साल नवे असले तरी आतले दर जुने असू शकतात. जुने दर सर्वस्वी निरुपयोगी असतात असे नाही. सगळेच भाव चढले असले, तरी कोणती जागा स्वस्त व कोणती महाग, हा क्रम बराच काळ टिकतो. तथापि एखाद्या स्वस्त खाणावळीचे नाव गाजलेल्या पुस्तकात छापून आले की तेथे गर्दी होते आणि मागणीमागोमाग भावही चढतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी कसोटी व्यवहाराची. स्थानकापासून मुक्कामाची जागा किती दूर, शेवटची बस केव्हा, नकाशाला प्रमाण दिले आहे काय, हे पाहावे. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. हे न सांगणारे पुस्तक वाचकाचा एक दिवस व एक रात्रीचे भाडे बुडवते. तिसरी कसोटी प्रामाणिकपणाची. ज्यात एकाही जागेला नावे ठेवलेली नाहीत, ती जाहिरात समजावी. चौथी कसोटी सर्वांत सोपी. दुकानात उभ्या उभ्याच आपल्या गावाचे किंवा चांगल्या परिचयाच्या शहराचे पान उघडावे. जेथले आपल्याला ठाऊक आहे तेथेच लेखक चुकत असेल, तर अनोळखी मुलखात त्याच्यावर कसा विसंबणार?

हाती मोबाइल असताना पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. ताज्या वेळापत्रकासाठी मोबाइल उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तेथील स्तुती पुष्कळदा विकत घेतलेली असते आणि डोंगराळ मुलखात त्याला रेंज नसते. साधन कोणतेही असो, कसोट्या त्याच.

आपल्याकडील बहुतेक स्थलवर्णने माहात्म्य सांगतात, मुक्कामाचा खर्च सांगत नाहीत. प्रकाशकांनी दंतकथांची चार पाने कमी करून बसच्या वेळा, निवासाचे दर आणि ते कोणत्या महिन्यात घेतले, हे छापावे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही पंधरा वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या बदलाव्यात. कारकुनाच्या मुलालाही देश पाहता यावा असे आपण मानत असू, तर एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.