शेजारच्या पालकाचे म्हणणेही नोंदवावे

प्रति,
शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पालघर
आणि
प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, जव्हार

विषय : स्वमग्न मुलाला शाळेत होणारा त्रास त्याच्या पालकांपर्यंत पोहोचवण्याबाबत

स्वमग्न मुलाला शाळेत त्रास दिला जात असेल, तर ते सर्वांत शेवटी कळते त्याच्या घरी. एरवी मूल रडत येते, कोणी मारले ते सांगते, दुसऱ्या दिवशी शाळेत जायला नको म्हणते. स्वमग्न मुलाला घडलेले क्रमाने सांगता येईलच असे नाही. काही मुले बोलतच नाहीत. बोलणाऱ्यांपैकीही कित्येकांना आपली थट्टा चालली आहे हे उमगत नाही; सगळे हसताहेत म्हणजे खेळ चालला आहे असे समजून तीही हसतात. काही मुले ऐकलेले शब्द जसेच्या तसे पुन्हा पुन्हा म्हणतात. शाळेत कोणी दिलेली शिवी असे मूल घरी घोकते आणि आईबाप त्यालाच रागावतात.

शिक्षकांना हे दिसायला हवे, पण त्यांच्या नजरेला पडतो तो बहुधा प्रसंगाचा शेवट. या मुलाला मोठा आवाज सोसत नाही हे वर्गाला लवकर कळते. मग कानाशी ताट वाजवायचे, त्याची रोजची जागा बळकावायची, हातांच्या हालचालींची नक्कल करायची. मूल किंचाळते, ढकलते, कधी चावते. गुरुजी वळून पाहतात ते नेमके त्या क्षणी, आणि खोडकर म्हणून नाव होते ते त्याचेच. सुरुवात पाहिलेली असते शेजारच्या बाकावरच्या मुलाने. ते घरी सहज सांगून टाकते, आणि अशा रीतीने खरी हकीकत दुसऱ्याच पालकाच्या हाती येते.

जव्हार-मोखाड्यात ही हकीकत पुढे जाणे आणखी अवघड आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल आश्रमशाळेत असते किंवा आजीपाशी. शिवाय घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी आणि शाळेची मराठी, त्यामुळे मूल गप्प राहिले की ‘भाषा येत नाही, लाजते’ असे म्हणून विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 127 जणांमागे एक जण स्वमग्न आहे. जव्हारचे डोंगर त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. 2011 च्या जनगणनेत मात्र स्वमग्नतेसाठी वेगळा रकानाच नव्हता. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत तिचा समावेश आहे, तरी कित्येक घरांना आपल्या मुलाच्या वेगळेपणाचे नाव ठाऊक नसते.

म्हणून सांगणाऱ्या पालकाने निदान सांगू नये, प्रसंग सांगावा. समजा, शाळेची सहल शिरपामाळावर गेली आहे. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशाह राजांची भेट जिथे झाल्याचे सांगतात, ते हे ठिकाण. तिथे चार मुलांनी एकाला घेरून त्याच्या कानाशी शिट्ट्या वाजवल्या आणि सोबत आलेल्या एका आईने ते पाहिले. तिने त्या मुलाच्या आईला गाठून कोणता दिवस, कोणती जागा, कोणी काय केले आणि मूल कसे वागले, एवढे सांगितले तरी पुरते. डोळ्यांनी पाहिलेले आणि आपल्या पोराकडून ऐकलेले वेगळे ठेवावे. ‘तुमचं पोर तसंच आहे ना’ ही सुरुवात सगळ्यात वाईट. ऐकणारी आई तिथेच मिटते किंवा भांडायला उठते. सांगणे समोरासमोर व्हावे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीच नाही. तिथे त्रास देणाऱ्या मुलांचीही नावे चव्हाट्यावर येतात, आणि तीही मुलेच आहेत. आईबाप भट्टीवर असतील तर फोन करावा. मुकादमाकडे निरोप ठेवू नये. पहिले उत्तर ‘आमच्या पोराला कोणी काही करत नाही’ असेच येण्याचा संभव मोठा. त्यावर वाद न घालता, शाळेत येऊन हेच सांगायची तयारी आहे, एवढे कळवावे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. कोणाची गुरे कोणाच्या शेतात शिरली हे गावभर संध्याकाळपर्यंत होते, पण मुलाचा विषय निघाला की ‘दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडा’ हा शहाणपणा आड येतो. शाळेतही ‘तुमच्या मुलाला काही झालंय का?’ असे विचारून अशा पालकाला परत पाठवणे सोपे असते. कायदा इतका आखडता नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा 21 दिव्यांगत्वांत समावेश आहे. त्याच्या कलम 7 नुसार दिव्यांग व्यक्तीचा छळ किंवा तिच्यावर हिंसा होत असल्याचे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते. ती नातेवाईक असण्याची अट नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते, म्हणजे चिडवून चिडवून किंचाळायला लावलेल्या मुलाला वर छडी मारणे हा कायद्याचा वेगळा भंग ठरतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा असे म्हणणे मांडायला जागा आधीपासून आहे. 1098 ही बालमदतवाहिनी आहेच. मात्र दर खोडीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मदतवाहिनीकडे कोणी जाणार नाही आणि जाऊही नये. शाळेनेच ऐकून घेतले तर बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात.

यासाठी नवी योजना लागत नाही, खर्चही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि आश्रमशाळांना एक परिपत्रक पुरेल. कोणत्याही पालकाने कोणत्याही मुलाच्या त्रासाबद्दल दिलेली माहिती मुख्याध्यापकांनी नोंदवहीत तारखेसह लिहून घ्यावी आणि माहिती देणाऱ्याचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. त्या मुलाच्या आईबापांना, ते स्थलांतरित असले तरी, दोन दिवसांत फोनने कळवावे. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच प्रत्येकाचा चालू क्रमांक घेऊन ठेवावा. समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांना त्या शाळेत बोलावून प्रसंगाची सुरुवात कुठून झाली ते तपासावे. आणि हे होईपर्यंत त्या मुलाला शिक्षा करू नये. दोन्ही कार्यालयांनी हे परिपत्रक येत्या दिवाळीपूर्वी, कुटुंबे भट्ट्यांकडे निघण्याआधी काढावे, ही विनंती.