मेणबत्तीचा व्यवसाय आणि सम्यक आजीविका

१४ एप्रिलची जयंती, वैशाखातील बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास, अशोक विजयादशमी आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन. वर्षातील या प्रत्येक प्रसंगी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील विहारांत आणि घराघरांत तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती प्रज्वलित होते. परित्राण पाठ असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन, मेणबत्तीवाचून वंदना सुरू होत नाही. मात्र ही मेणबत्ती बहुधा दुकानातील पाकिटातून येते, आणि त्या पाकिटावर पत्ता असतो तो दूरच्या एखाद्या शहराचा. ग्राहक आपण आणि उत्पादक दुसरे कोणी, ही स्थिती बदलता येण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

आपल्या शाळेतील मुलामुलींची घरे बहुतांशी कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर उभी आहेत. सोयाबीन काढणीला येते, कापूस वेचला जातो, हळद शिजवून वाळवली जाते. ही कामे संपली की हाताला काम राहत नाही. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा त्यांच्यासोबत फडावर जाऊ नये, म्हणून निवासी शाळा हवी असते. मेणबत्तीच्या धंद्याने ऊसतोड थांबेल, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु आईच्या हाती स्वतःच्या मिळकतीचे चार पैसे आले, तर उचलीचा आकडा थोडा कमी होईल आणि आजारपणात सावकाराचे दार ठोठावण्याची वेळ टळेल. एवढे झाले तरी ते लहान नव्हे.

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्वतंत्र स्थान आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. धम्माने व्यापाराला हीन मानले नाही. दुसऱ्याला इजा करणाऱ्या व्यापाराला तेवढे वर्ज्य ठरवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागेही हाच विचार होता: ज्या कामाचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर ठरतो, त्या कामातून माणूस सुटला पाहिजे. स्वतः वस्तू तयार करावी, तिची किंमत स्वतः ठरवावी आणि मान ताठ ठेवून ती विकावी, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य थोडे लागते: पॅराफिन मेण, सुती पीळदार वात, ॲल्युमिनियमचे साचे, दोन भांडी आणि वजनकाटा. मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये. मोठ्या भांड्यात पाणी उकळावे आणि त्यात मेणाचे लहान भांडे ठेवावे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मेण वितळते. साच्याला आतून तेलाचा पुसट हात द्यावा, वात मधोमध ताणून बसवावी आणि मेण सावकाश ओतावे. निवताना मेण आकसते व वर खळगा पडतो. त्यात पुन्हा थोडे मेण ओतावे. पूर्ण थंड झाल्यावरच साचा उघडावा आणि वात सुमारे अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी. वात बारीक असेल, तर ज्योत वितळलेल्या मेणात बुडून विझते. जाड असेल, तर काजळी धरते. म्हणून प्रत्येक घाण्यातील एक मेणबत्ती स्वतः जाळून पाहावी आणि ती किती वेळ जळली हे वहीत लिहावे. रंग द्यायचा तर मेणात विरघळणारा, मेणबत्तीसाठीचाच घ्यावा. खाण्याचा रंग मेणात मिसळत नाही.

आपल्या भागासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जयंती आणि बुद्धपौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येतात. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली मऊ मेणाची मेणबत्ती त्या उष्म्यात वाकते. त्यासाठी वितळणबिंदू अधिक असलेले मेण मागून घ्यावे, त्यात शेकडा पाच ते दहा भाग स्टिअरिक ॲसिड मिसळावे आणि तयार माल सावलीत, आडवा व सपाट ठेवावा. हिवाळ्यात करून ठेवलेला माल एप्रिलमध्ये विकायचा असेल, तर ही काळजी घेतलीच पाहिजे.

आगीची भीती बाळगावी, पण तिची माहितीही असावी. मेण पेटल्यास त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. भांड्यावर झाकण टाकावे व शेगडी बंद करावी. काम चालू असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, लोंबता पदर खोचून घ्यावा आणि उरलेले मेण मोरीत टाकू नये.

धंदा बुडतो तो बहुधा हिशेबात. एक उदाहरण घेऊ. यातील रकमा केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, एक किलो मेण, वात, इंधन, पाकिटे व प्रवास मिळून २०० रुपये खर्च आला. २५ ग्रॅमच्या ४० मेणबत्त्या झाल्या. एक जाळून पाहिली, एक तुटली, उरल्या ३८. प्रत्येकी ८ रुपयांनी ३०४ रुपये आले, म्हणजे १०४ रुपये उरले. पण त्यासाठी चार तास गेले असतील, तर तासाला २६ रुपयेच पडले. दुकानदाराला एका मेणबत्तीमागे २ रुपये द्यावे लागले, तर ७६ रुपये गेले आणि हाती केवळ २८ राहिले. स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरून काढलेला नफा हा नफा नसतो. घरच्या बाईचे कष्ट हिशेबात न धरण्याची आपली जुनी सवय येथेच मोडली पाहिजे.

मग भाव कसा टिकवावा? मेणबत्तीचे उत्पादन पूर्वी लघुउद्योगांसाठी राखीव होते. २०१५ साली ते राखीव यादीतून वगळण्यात आले आणि मोठ्या कारखान्यांना मार्ग मोकळा झाला. साध्या पांढऱ्या मेणबत्तीच्या भावात घरगुती कारागीर त्यांच्याशी स्पर्धा करू शकणार नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. आपले बळ वेगळे आहे. कोणत्या गावात परित्राण कधी आहे, कोणत्या विहारात वर्षावासाचे वाचन चालू आहे, हे आपल्याला आधी कळते. पूर्ण वंदना संपेपर्यंत टिकणारी मेणबत्ती, पाच रंगांचा संच, प्रतिमेपुढे ठेवण्याजोगी रुंद बुडाची मेणबत्ती, असा माल विहार समित्यांकडून आगाऊ मागणी घेऊन करावा. मधला दुकानदार वगळला की वरच्या उदाहरणातील ७६ रुपये घरात राहतात. हिंगोलीचा दसरा महोत्सव, आठवडी बाजार आणि ६ डिसेंबरचा अभिवादन कार्यक्रम या आपल्या विक्रीच्या जागा आहेत.

महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टी तरुणपणी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ते मेणबत्ती करण्यास शिकले आणि महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्यांनी विक्री सुरू केली. त्यातूनच सनराइज कँडल्स हा उद्योग उभा राहिला आणि त्याने अनेक दृष्टिहीनांना रोजगार दिला. प्रत्येकाला एवढे यश येईल असे नाही. पण हातगाडीपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही, हे यातून शिकावे.

विक्री वाढली की कागदपत्रांकडे लक्ष द्यावे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत. पाकिटावर करणाऱ्याचे नाव व पत्ता, नग, वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापावी. वजनात एक ग्रॅमचीही लबाडी करू नये. उमेद किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटात असलेल्या महिलांनी मेणाची खरेदी एकत्रित करावी. ठोक भावात फरक पडतो.

शाळेच्या भूमिकेविषयी आम्ही स्पष्ट आहोत. विद्यार्थ्यांकडून विक्रीसाठी मेणबत्त्या करवून घेणे आम्हांला मान्य नाही. मुलांचे काम शिकणे हे आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र मेणबत्ती अवश्य असावी. लोहाराचा मुलगा आणि बुकबांधणीच्या दुकानातील उमेदवार असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी व्याख्याने दिली, ती एका मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर. आईने केलेल्या मेणबत्तीची ज्योत का पिवळी आणि काजळी कशाची, हे मुलीने शाळेत शिकावे आणि घरी जाऊन आईला सांगावे.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीची वाटणी सांगितली आहे: एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग संकटाच्या काळासाठी. मेणबत्तीच्या पहिल्या शंभर रुपयांनाही हा नियम लागू करावा. पंचवीस घरात खर्चावे, पन्नासांचे मेण आणावे, पंचवीस गटाच्या खात्यात टाकावे. येत्या वर्षावासात एका गावातील एका गटाने एका विहाराची मागणी घेऊन आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे. साचे आणण्यासाठी व पहिला घाणा शिकवण्यासाठी शाळेतील आम्ही शिक्षक सुट्टीच्या दिवशी त्या गावी येऊ.