पाला आणि लस

कागल तालुक्याच्या ऊसपट्ट्यात कोयता लागला की बांधावरचा दगडी पाला चोळून त्याचा रस जखमेवर पिळतात. रक्त थांबते, हा अनुभव खोटा नव्हे. अशा ज्ञानास हसणे उचित नाही. जखमेवरील हळदीच्या वापराबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट भारतीय शास्त्रज्ञांच्या हरकतीनंतर १९९७ साली रद्द झाले, ते जुन्या ग्रंथांतील दाखल्यांमुळेच.

परंतु धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांतच असतात. बांधावरून खुडलेल्या पाल्याबरोबर तेही जखमेत शिरू शकतात, आणि पाल्याच्या रसाने धनुर्वात टळत नाही. यास्तव जखम प्रथम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. खोल जखमेस पाला लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. ग्राम-कार्यकर्त्यांनी पाल्याची निंदा न करता लसीचा आग्रह धरावा.