आजीची निळी ताटली आणि आई-बापाचे ऐंशी हजार



मागच्या आठवड्यात गेवराई तालुक्यातल्या एका पोराचा फोन आला. बी.कॉम. झालाय, आपले व्हिडिओ बघतो. म्हणाला, "सर, आजीच्या फडताळात एक निळी-पांढरी ताटली सापडली. मोबाईलवर बघितलं, अशाच डच ताटल्या लाखात जातात म्हणे. मी अशा ताटल्या गोळा करून विकायचा धंदा टाकतो. ऐंशी हजार आहेत."

मी विचारलं, "ऐंशी हजार कुठून आले?"

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई-दादांनी यंदा कारखान्यावर ऊस तोडला, त्यातले."

त्याला फोनवर जे बोललो ते अर्धवट होतं. पूर्ण इथं लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. जुनी नाणी, जुनी घड्याळं, जुने दिवे, कशावर ना कशावर रोज कुणीतरी हेच विचारतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू जमवणं हा चांगला शौक आहे, माझाही आहे. पण ज्या पैशावर घर चालतं, तो पैसा त्यात घालायचा नाही. घालायची ती नजर. नजर तयार व्हायला वेळ लागतो आणि ती उधारीवर मिळत नाही.

माझे पंधरा हजार कसे गेले

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं भांड्यांचं आणि क्रॉकरीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लोणच्याच्या बरण्या भरायला मुंबईला गेलो होतो. काम झाल्यावर एका जुन्या बाजारात शिरलो. तिथं सहा निळ्या-पांढऱ्या ताटल्या दिसल्या. दुकानदार म्हणाला, "डच माल आहे, जुना आहे." अडीच हजाराला एक. पंधरा हजार मोजले आणि बरण्यांचे दोन खोके कमी घेतले.

मी मनात काय म्हणत होतो? "डेल्फ्ट! हाताने रंगवलेलं! एक विकली तरी पैसे वसूल."

दुकानावर आल्यावर शेजारच्या घड्याळजी काकांना दाखवल्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक ताटली बघितली, दुसरी बघितली आणि म्हणाले, "बाबा, सहाही ताटल्यांवर फूल तेच, पाकळी तीच, पाकळीवरचा बारीक ठिपका पण त्याच जागी. माणसाचा हात असा चालतो का?" मग काठावरची वेल दाखवली. एका जागी ती नीट जुळत नव्हती, कागद चिकटवताना जोड यावा तशी. म्हणजे छपाई. मागे शिक्का होता मास्ट्रिख्तच्या पेट्रस रेगू यांच्या कारखान्याचा. मास्ट्रिख्त हेही हॉलंडमधलंच शहर. तिथं एकोणिसाव्या शतकात मोठ्या कारखान्यात छापील भांडी तयार व्हायची आणि जहाजांनी आशियात यायची.

आता गंमत बघा. दुकानदार खोटं बोललाच नव्हता. डच होत्या, जुन्या होत्या, निळ्या-पांढऱ्या होत्या. "डेल्फ्ट" आणि "हाताने रंगवलेलं" हे दोन शब्द माझे मीच जोडले होते. धंद्यात फसवणूक झाली की आपण समोरच्याला शिव्या घालतो, पण बऱ्याच वेळा शेवटचं वाक्य आपणच पूर्ण केलेलं असतं.

खरं नुकसान पुढंच झालं. मे-जूनमध्ये बाया बरणी मागायला आल्या आणि मोठ्या मापाच्या बरण्या संपल्या होत्या. त्या पुढच्या दुकानात गेल्या. तिथून बरणी घेतली, चाळण घेतली, डबे घेतले. त्यातल्या काही पुन्हा आल्याच नाहीत. पंधरा हजार मला वहीत दिसतात. तुटलेलं गिऱ्हाईक वहीत दिसत नाही.

डेल्फ्ट म्हणजे नेमकं काय

डच लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. सतराव्या शतकात कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. १६०२ साली स्थापन झालेली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी मसाल्यासोबत चीनमधून निळी-पांढरी भांडी युरोपात न्यायची. तिकडच्या श्रीमंतांना त्या भांड्यांचं वेड लागलं.

मग चीनमध्ये गोंधळ माजला. १६४४ मध्ये मिंग घराण्याची सत्ता गेली आणि माल येणं आटलं. गिऱ्हाईक तयार, माल नाही. डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी ही संधी पकडली. चिनी पोर्सलीनची माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी साध्या पिवळसर मातीची भांडी केली, त्यावर कथिलाची पांढरी झिलई दिली आणि तिच्यावर कोबाल्टने चित्रं काढली. हा रंग लावताना काळपट दिसतो, भट्टीतून निघाला की निळा होतो. त्याच काळात गावातले बिअरचे कारखाने बंद पडत होते. त्या रिकाम्या जागांत भांड्यांचे कारखाने आले आणि कित्येकांनी जुनी नावंही तशीच ठेवली. तयार जागा, तयार नाव. भांडवल वाचवणं म्हणजे काय, ते इथं दिसतं.

पण अठराव्या शतकात इंग्लंडहून स्वस्त आणि टिकाऊ भांडी आली. डेल्फ्टच्या भांड्यांचे काठ पटकन उडायचे. एकेक कारखाना बंद होत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकच उरला. त्याची सुरुवात १६५३ ची. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट यांनी तो विकत घेतला आणि हाताने रंगवायचं काम पुन्हा उभं केलं. १८७९ पासून त्यांनी भांड्याखाली कारखान्याची खूण आणि वर्षाचं अक्षर टाकायला सुरुवात केली. म्हणून आज त्यांची ताटली उलटी केली की ती कोणत्या साली झाली ते कळतं.

लोणची-पापड करणाऱ्या ताईंनो, हे तुमच्यासाठी आहे. आपल्या मालावर आपली खूण आणि तारीख टाका. उद्या नक्कल करणारे येणारच. त्या दिवशी तुमची ओळख त्या खुणेवरच टिकेल.

बघायचं कसं

हौस असेल तर एवढं तरी शिका.

एक, भिंग घ्या. हाताच्या चित्रात रेघ कुठं जाड, कुठं बारीक असते आणि रंग कमी-जास्त झालेला असतो. जोडीतल्या दोन ताटल्या कधी हुबेहूब सारख्या नसतात.

दोन, काठ बघा. खऱ्या जुन्या डेल्फ्टची झिलई काठाला उडालेली असते आणि खाली पिवळसर किंवा बदामी माती दिसते. आत पांढरीशुभ्र निघाली तर वस्तू वेगळी आहे.

तीन, शिक्क्यावर भाळू नका. "डेल्फ्ट" हा शब्द पर्यटकांसाठी केलेल्या छापील मालावरही असतो. इंग्रजीत "मेड इन हॉलंड" छापलेलं असेल, तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातली.

चार, घेण्याआधी फुकट किंवा तिकिटाच्या पैशात शिका. आपला बीड जिल्हा एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातले सरदार सालारजंग यांनी जमवलेली युरोपियन भांडी आज हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बघता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी भांडी आहेत. पन्नास अस्सल वस्तू बघा, मग एक विकत घ्या. बाजारात आधी नक्कल बघितली की डोळ्याला तीच अस्सल वाटायला लागते.

आता हिशोब

समजा ऐंशी हजाराचा रोजच्या वापराचा माल भरला. पंधरा टक्के मार्जिन धरा आणि वर्षात पाच वेळा माल फिरला असं धरा. वर्षाला साठ हजार सुटतात. भाडं, वाहतूक, तुटफूट त्यातून जाईल, पण मुद्दल दर दोन-अडीच महिन्यांनी हातात येतं. चूक झाली तर पुढच्या खेपेला सुधारता येते.

आता त्याच ऐंशी हजाराच्या जुन्या ताटल्या घेतल्या. समजा सगळ्या अस्सल निघाल्या, एकही फुटली नाही आणि तीन वर्षांनी दुप्पट भाव आला. तरी वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजारच पडले. आणि या वाक्यात "समजा" किती वेळा यावं लागतं ते बघा. मधल्या काळात दवाखाना निघाला तर बीडमध्ये रात्रीतून ताटली विकत घेणारा कोण आहे? सोनं सराफाकडे जातं, ताटली जात नाही.

वर कायदा आहे. पुरावशेष आणि कलावस्तूंचा १९७२ चा केंद्राचा कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला सरकारी परवाना लागतो. देशाबाहेर विकायची तर खासगी माणसाला परवानगीच नाही. त्यामुळं "परदेशातलं गिऱ्हाईक शोधू आणि कुरिअर करू" असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला धंदा सांगत नाही, केस सांगतोय.

मग जमवायचंच नाही का?

जमवा की! पुण्याचे दिनकर केळकर आठवा. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणजे आपल्यासारखेच दुकानदार. दिवे, अडकित्ते, दौती, घरातली साधी भांडी, असं सगळं त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलं. वीस हजारांवर वस्तू झाल्या. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावानं संग्रहालय केलं आणि सगळा संग्रह शेवटी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. अशी माणसं वस्तूचा भाव बघून जमवत नाहीत.

माझा नियम आता साधा आहे. दुकानाचा गल्ला वेगळा, घरखर्च वेगळा. यातून उरलं तर वर्षाला पाच हजार शौकाला, आणि ते बुडाले असं आधीच धरायचं. त्या सहा ताटल्या मी विकल्या नाहीत. एक काउंटरमागे टांगली आहे. नवा माल दाखवायला सेल्समन आला आणि "सर, एकदम ओरिजिनल" म्हणाला की माझी नजर तिच्याकडे जाते. मग मी माल उलटा करतो, काठ बघतो, दोन नग शेजारी ठेवतो. खुर्जा आणि थानगढच्या बरण्यांमध्ये झिलईची खोट मी आता लगेच पकडतो. पंधरा हजाराची फी होती, शिक्षण वाया गेलं नाही.

गेवराईच्या मित्रा, आजीची ताटली विकू नकोस. आधी तिला विचार, ती घरात कशी आली. ते ऐकून वहीत लिहून ठेव. तिची खरी किंमत कदाचित तेवढीच असेल आणि ती तुमच्याच घरात राहील. ऐंशी हजारातले आधी वीस काढ आणि गावच्या आठवडी बाजारात जे रोज खपतं, त्यात फिरवून बघ. साठ बँकेत राहू देत. ते उसाच्या फडात पहाटेच्या थंडीत कमावलेले आहेत, त्यांच्यावर शिकायचं नसतं.

बाकीच्यांना गृहपाठ: घरातली एक जुनी वस्तू उलटी करून बघा. खाली काय लिहिलंय, कुठं तयार झाली, कुणी आणली, ते कमेंटमध्ये लिहा. भाव लिहू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.