वळिवड्यात मराठीची परीक्षा कुणी घेतली?

मराठी येत नाही म्हणून परप्रांतीय कामगाराच्या कानाखाली वाजवल्याचा व्हिडिओ आला की आपल्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडतो. 2024च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला गेले, तेव्हा याच ग्रुपवर ते फोटो छाती फुगवून फिरत होते.

ते स्मारक कशाचं? 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या शाळा पोलिश, नाटकं पोलिश. त्यातले किती जण मराठी शिकले, हे आज कुणी विचारतं का?

‘ते परत जाणार होते,’ असं म्हणाल. बरोबर. इचलकरंजीत मागावर काम करणारा बिहारी कदाचित इथेच राहील, म्हणून त्याला मराठी यायला हवी, हे मलाही मान्य आहे. पण बारा तासांच्या पाळीनंतर त्याला शिकवणार कोण? आपण तर त्याच्याशी पहिलं वाक्यच हिंदीत टाकतो (तेही काय हिंदी!). त्याचं पोरगं गल्लीत खेळून ‘काय भावा’ म्हणायला लागतं, ते काही चापट खाऊन नव्हे. बापाशीही मराठीत बोला की. जरा हळू बोला, एवढंच.