चित्रं म्हणजे गृहपाठ नव्हे

परवा नवऱ्याच्या आत्या आल्या होत्या. मी चहा टाकत होते, तेवढ्यात त्यांची नजर फ्रीजवर गेली. तिथे आमच्या चिरंजीवांची पट्टी असते. दात घासणे, आंघोळ, पोहे, शाळा, घरी... एकाखाली एक चित्रं, मागे वेल्क्रो. एक काम झालं की तो ते चित्र काढतो आणि खालच्या ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकतो.

"अगं, माझ्या डोक्यावर गेला की हा, आणि अजून चित्रं? सगळं असं आयतं मिळालं तर बोलेल कशाला तो?"

आत्या प्रेमानेच बोलल्या, त्यामुळे मी हसून चहा गाळला. पण हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय. आत्यांकडून, शेजारणींकडून, आणि वाईट वाटतं, काही शिक्षकांकडूनही. तेव्हा एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला बसले.

आयतं म्हणजे काय हो? डबेवाल्यांचा १८९० पासूनचा व्यवसाय डब्यांवरच्या रंगांवर, आकड्यांवर आणि अक्षरांवर चालतो. त्यांना कुणी आळशी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मतदान करताना आपण चिन्ह शोधतोच ना? खुणांच्या आधाराने अख्खं शहर चालतं, आणि एका स्वमग्न मुलाने फ्रीजवर चार चित्रं लावली की त्याचं बोलणं खुंटतं?

खुंटत नाही. मिलर, लाईट आणि श्लॉसर या तिघांनी २००६ साली या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं, खुणा वगैरे वापरल्यामुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. थोडंच, हेही सांगते, कारण चित्रं म्हणजे जादू नाही. काही मुलांना चित्राआधी खरी वस्तूच हातात द्यावी लागते, काहींना थेट लिहिलेला शब्द जास्त कळतो. पण "चित्रांनी मूल मुकं होतं" ही निव्वळ भीती आहे, आणि त्या भीतीपायी मुलांची वर्षं वाया जातात.

आता दुसरी बाजू. चित्रांच्या विरोधकांपेक्षा मला चित्रांच्या भक्तांचा जास्त राग येतो!

मुलगा लहान असताना एका शाळेने वर्षअखेरीस आम्हाला जाडजूड फाईल दिली. नेटवरून काढलेल्या प्रिंट्स. दात घासणाऱ्या मुलाचं चित्र रंगवलेलं, खाली लाल पेनने बरोबरची खूण. हात धुण्याचे टप्पे कापून क्रमाने चिकटवलेले, पुन्हा बरोबरची खूण. आणि घरी? घरी तो ब्रश बघितला की पळून जायचा. मी ते पान फाईलमधून काढलं, लॅमिनेट केलं आणि बेसिनच्या वर चिकटवलं, तेव्हा कुठे दोन महिन्यांनी गाडी पुढे सरकली. पान तेच होतं, जागा चुकली होती. दात घासायचं चित्र बेसिनपाशी हवं, फाईलमध्ये ते फक्त आपल्या समाधानासाठी असतं.

बरं, त्या पानांतलं जग तरी कुणाचं? आंघोळ म्हणजे फेसाने भरलेला टब. नाश्ता म्हणजे दुधातले सीरियल. हवामान म्हणजे बर्फाचा माणूस. आमच्याकडे बादली, मग, पोहे आणि जुलैत गुडघाभर पाणी! जी मुलं शब्दशः विचार करतात, त्यांना टब दाखवून बादलीपाशी उभं करायचं, वर "त्याला चित्रं समजत नाहीत" असा शेरा मारायचा. शेवटी मी आमच्याच मोरीचे फोटो काढले. झेरॉक्सवाल्या दादांनी विचारलंही, "ताई, बाथरूमचा फोटो? कलरमध्ये?" कलरमध्येच, दादा :) फुकटच्या प्रिंट्स वाईट नाहीत. त्यांचा साचा जरूर घ्यावा. ‘आधी हे, मग ते’ ही पट्टी घ्यावी, दिवसाचा तक्ता घ्यावा. आत फोटो मात्र आपल्या घरचे घालावेत. आयआयटी मुंबईच्या आयडीसीने केलेल्या ‘जेलो’ या मोफत ॲपमध्ये मराठीही आहे. म्हणजे इथलं काही करता येतं, फक्त मनावर घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. त्या फाईलमध्ये साठेक पानं असतील. ऊठ, बस, धू, घास, रांगेत उभा राहा. सगळे आमचे हुकूम. ‘नको’ म्हणणारं चित्र एकही नाही. ‘थांबा’ नाही, ‘आवाज फार होतोय’ नाही. ही कसली भाषा, जिच्यात एकालाच बोलता येतं?

अमेरिकेत बॉंडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत सुरू केली. तिची पहिली पायरी "हे काय आहे, सांग" अशी नाहीच. मुलाने चित्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि हवं ते मिळवायचं, ही पहिली पायरी. म्हणजे सुरुवात मुलाच्या मागण्यापासून. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संवादाच्या व्याख्येत दृश्य मांडणी आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी पद्धती आहेत. संवाद म्हटलंय, गृहपाठ नाही. म्हणूनच शिक्षा म्हणून चित्रं काढून घेणाऱ्यांना मी एवढंच विचारते, बोलणाऱ्या मुलाची जीभ तुम्ही शिक्षा म्हणून काढून घ्याल का?

या ‘नको’ची किंमत मला पुलाने शिकवली. आम्ही ना. म. जोशी मार्गावर राहतो, त्याची शाळा रुळांच्या पलीकडे. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग कोसळला आणि त्याच महिन्यात आमचा डिलाईल पूल बंद झाला. तो सहा वर्षांचा होता. टॅक्सी महालक्ष्मीकडे वळली आणि त्याने जो आकांत मांडला... दार उघडायला निघाला होता. रात्री मी बंद पुलाचा फोटो काढला, त्यावर लाल फुली मारली, शेजारी महालक्ष्मीचा फोटो लावला आणि वर ‘बदल’ असं कार्ड. रोज निघण्याआधी ते दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं.

पूल पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. अख्खं लोअर परळ खूष. मीही उत्साहाने नव्या पुलाचं कार्ड केलं. त्याने ते पाहिलं, शांतपणे ‘नको’चं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. पाच वर्षांत वळसा त्याचा झाला होता! त्याने आरडाओरडा केला नाही, दार उघडलं नाही. फक्त मत दिलं. आम्ही आणखी महिनाभर वळशानेच गेलो. टॅक्सीचे पैसे जास्त गेले, पण माझा मुलगा माझ्याशी बोलला होता, आणि मी ऐकलं नसतं तर त्या कार्डाला काही अर्थच उरला नसता.

तर आत्या, तो बोलतोच आहे. आपणच तिकडे बघत नाही.

असो. सगळ्या नातेवाईकांना एक विनंती. घरी येण्याआधी आपला एक फोटो पाठवून द्या. पासपोर्टचा नको, नेहमीचा, चष्म्यासकट. त्या दिवशीच्या पट्टीवर तुम्हाला चिकटवते, म्हणजे दार उघडल्यावर त्याला धक्का बसणार नाही. आणि चुकून त्याने तुमच्या हातात ‘नको’ ठेवलं, तर रागावू नका. थोडं थांबा, चहा घ्या. तो येईल.