मिश्रण आणि शोध

खेळताना फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबण्यासाठी कल्याणच्या कोणत्याही आजीने कधी कुणाची परवानगी घेतली नाही. तरीही मार्च 1995मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखमेवरील हळदीचा वापर हा शोध मानून मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचे पेटंट बहाल केले. (संशोधक मूळचे भारतीयच होते, हे आपण सहसा विसरतो.) डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 1996मध्ये त्याला आव्हान दिले आणि 1997मध्ये ते रद्द झाले. हा विजय भावनेने मिळाला नाही. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे, 1953मधील एक वैद्यकीय शोधनिबंध असे 32 लेखी संदर्भ परिषदेने पुढे ठेवले होते. आजीची आठवण तेथे पुरावा ठरली नसती.

ती हळद एकटी होती. उद्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराने हळदीत दुसरे परिचित औषधी द्रव्य मिसळले, तर तो शोध म्हणायचा की नुसता काला? आपल्या 1970च्या पेटंट कायद्यातील कलम 3(ई) सांगते की, घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणारे मिश्रण हा शोध नव्हे. 2002च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानालाही हीच मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने 1978मध्ये, भांडी लेथवर धरण्याच्या एका साधनाच्या खटल्यात, कारखान्यातील नेहमीची सुधारणा आणि खरी कल्पकता यांतील रेषा स्पष्ट केली होती.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. घटक जुने आहेत एवढ्यावरून मिश्रण उघड ठरत नाही. त्या विषयातील जाणकारालाही अपेक्षित नसलेला परिणाम दोन्ही एकत्र आल्यावर घडतो काय, हे पाहिले पाहिजे, आणि तेही अर्जाच्या दिवशीच्या ज्ञानावरून. उत्तर कळल्यावर कोडे सोपेच वाटते! ‘आपल्याकडे हे होतेच’ असे प्रत्येक वेळी म्हणणारे आपल्याच धडपड्या कारखानदारावर अन्याय करतात. अर्थात परक्याला लावलेली फूटपट्टी त्यालाही लागणारच. म्हणून त्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: एक द्रव्य वेगळे, दुसरे वेगळे आणि दोन्ही मिळून काय घडले, तारखेसह, आकड्यांत.